दोन डॉलरची पैज

अगं, ती पानं राहू देत आता. कितीही गोळा केलीस तरी संध्याकाळपर्यंत माझ्या ओकची पानं तुझ्याकडे यायचीच आहेत. जरा कुंपणाशी ये. काल मॉलला गेला होतात ना, मग वाटेत रेसवे दिसला असेल. नाही दिसला? बघ, हेच म्हणते मी. तुम्हा नव्या मंडळींना वाटतं, फ्रीहोल्ड रेसवे हे मॉलचंच नाव. ज्याच्यावरून ते नाव पडलं तो रेसवे २०२४च्या डिसेंबरात, २८ तारखेला, शेवटची शर्यत लावून बंद झाला. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकांत अमेरिकेतला सगळ्यात जुना म्हणवायचा. आपली सुरुवात ते १८५३ची सांगायचे. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली ना, त्या सालची. आणि मॉल कधीचा? १९९०चा. तो मात्र नाव मिरवत उभा आहे.

नाही गं, महालक्ष्मीसारखं नाही. तिथे पाठीवर जॉकी बसतो आणि घोडा चौखूर सुटतो. इथे घोड्यामागे दोन चाकांची हलकीशी गाडी, तिला सल्की म्हणतात, आणि तीत हाकणारा पाय पुढे ताणून बसलेला, तोंड थेट घोड्याच्या शेपटीशी. आम्ही सत्तरच्या दशकात इकडे आलो तेव्हा तुझे काका मला पहिल्यांदा घेऊन गेले. मी म्हटलं, अहो, मिरज सोडून सातासमुद्रापलीकडे आले ती टांगे बघायला? आमच्या सांगली-मिरजेकडे घोडागाडीच्या शर्यती व्हायच्या, त्यामुळे मला त्याचं काय कौतुक!

पण होतं कौतुक. तिथला कायदा असा, की घोड्याने चौखूर उधळायचं नाही. जीव तोडून पळायचं, पण आपल्या चालीतच. ट्रॉटर असेल तर पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडला पाहिजे. पेसर असेल तर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग दुसऱ्या बाजूचे, म्हणून तो झुलत झुलत येतो. पेसरची चाल बिघडू नये म्हणून पायांत पट्ट्यांच्या कड्या अडकवतात. एवढं करूनही एखादा चेकाळतो आणि उधळतो. मग हाकणाऱ्याने लगाम खेचून त्याला चालीवर आणायचं, तोवर बाकीचे पुढे निघून गेलेले. म्हणजे ज्याला सगळ्यात जोरात पळायची हौस आली, तोच मागे! काका म्हणायचे, आमच्या ऑफिसातही हेच चालतं.

सुरुवात तर बघण्यासारखी. एक मोटार, तिला दोन्ही बाजूंना लांबलचक पंख. मोटार पुढे चालतेय आणि घोडे त्या पंखांमागे ओळीने पळत येताहेत. रेषेपाशी पोचले की मोटार पंख मिटून भरकन बाजूला. ही युक्ती १९४६ साली लाँग आयलंडच्या रूझवेल्ट रेसवेवर निघाली. त्याआधी म्हणे सगळे घोडे एका रेषेत येईपर्यंत पुन्हा पुन्हा मागे फिरवायचे. अर्धी दुपार त्यातच.

अर्ध्या मैलाचा ट्रॅक, म्हणजे मैलाच्या शर्यतीला दोन फेऱ्या. कठड्याला टेकून उभं राहिलं की हाकणारे एकमेकांवर काय खेकसतात तेसुद्धा ऐकू यायचं. पावसानंतर गेलं तर साडीवर चिखल ठरलेला. आणि दुसरीकडे रात्री दिव्यांखाली शर्यती, पण फ्रीहोल्डला भर दुपारी. त्यामुळे गावात कोणाला लपवाछपवी करता यायची नाही. दुपारी दोन वाजता कोण आपल्या खुर्चीत नव्हतं, हे पाचपर्यंत सगळ्यांना कळलेलं असायचं.

मला तर जरा जास्तच कळायचं. मी बँकेत काउंटरला होते ना. बँकेतलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून इतकी वर्षं तोंड शिवून बसले. आता ती माणसंही गेली आणि बँकेचं नावही बदललं. शुक्रवारी तबेल्यातली पोरं चेक वटवायला यायची. घोड्यांच्या पायांना चोळायच्या तेलाचा असा भपकारा यायचा, की त्यांनी मोजलेल्या नोटांनाही वास. नालबंद यायचा, गवताच्या गासड्या विकणारा शेतकरी यायचा, घोड्यांचा डॉक्टर यायचा. रेसवे म्हणजे नुसते पैजा लावणारे नव्हेत गं, अर्धं गाव त्याच्यावर जेवत होतं. आणि एक दंतवैद्य होता, नाव नाही सांगणार. सोमवारी सकाळी तो पैसे काढायला आला की समजायचं, शनिवार वाईट गेला. भरायला आला की पुढच्या आठवड्यात त्याच्या बायकोच्या हातात नवी पर्स. त्या बिचारीला वाटायचं, दातांचा धंदाच तसा, कधी भरती, कधी ओहोटी.

त्याच काउंटरवर मी कार्डिगन बेची गोष्ट ऐकली. न्यूझीलंडचा घोडा. तरुणपणी अपघातात कमरेला मार बसला, तेव्हापासून एका बाजूने खाली बसलेला. असा अधू घोडा स्टॅन्ली डान्सरने अमेरिकेत आणला. डान्सर म्हणजे आपल्या बाजूचाच, न्यू इजिप्तचा. त्याने म्हणे पहिला घोडा घेतला तो बायकोच्या साठवणीतल्या २५० डॉलरवर. आता बघ, घोडा जिंकला म्हणून आपण नवऱ्याचं कौतुक करतो. हरला असता तर त्या बाईने काय केलं असतं, ते कोणी सांगत नाही. पुढे त्याच डान्सरने तीन घोड्यांना ट्रिपल क्राउन, म्हणजे तीन मानाच्या शर्यतींचा मुकुट, मिळवून दिला. तर हा कार्डिगन बे. १९६६ साली यॉंकर्सच्या ट्रॅकवर त्याने ब्रेट हॅनोव्हरला हरवलं, आणि ब्रेट हॅनोव्हर म्हणजे तेव्हाचा राजा. मग १९६८च्या सप्टेंबरात, बारा वर्षांचा झालेला असताना, त्याची दहा लाख डॉलरची कमाई पुरी झाली. सल्की ओढणाऱ्या घोड्यांत पहिला. आणि कुठे पुरी झाली? इथे, आपल्या फ्रीहोल्डला. नंतर एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात डान्सरबरोबर घोड्यालाही बोलावलं! आम्ही आलो तेव्हा ज्याला विचारावं तो सांगायचा, मी होतो त्या दिवशी. तेवढे सगळे खरंच असते तर ट्रॅकवर घोड्यांना जागा उरली नसती.

तुझे काका? ते पैज लावायचे ना. इंजिनिअर माणूस. कार्यक्रमपत्रिका हातात पडली की पेन्सिल बाहेर. कुठला घोडा आतल्या अंगाने सुटणार, गेल्या खेपेला शेवटचा पाव मैल किती सेकंदांत काढला, हाकणारा कोण. लहान ट्रॅकवर वळणं लगेच येतात, म्हणून कठड्यालगतची जागा सोन्याची, हे त्यांचं पालुपद. रात्री जेवतानासुद्धा. एवढा अभ्यास करून लावायचे किती? दोन डॉलर. आणि जिंकले तर हातात यायचे दोन डॉलर ऐंशी सेंट, कारण सगळ्या गावाने त्याच घोड्यावर लावलेले असायचे.

रूझवेल्टचा एक किस्सा तर ते आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. १९५९ साली तिथे पहिल्यांदा देशोदेशीच्या ट्रॉटरांची शर्यत ठेवली. फ्रान्सचा झामँ आला. साहेबांना आर्टिचोक खायची सवय, आणि ते आर्टिचोक कस्टमवाल्यांनी अडवून ठेवले. घोडा रुसला म्हणे. रूझवेल्टच्या जाहिरातवाल्याला काय, आयतंच निमित्त मिळालं. पेपरात आवाहन, घोड्यासाठी आर्टिचोक पाठवा! पाठवले लोकांनी. झामँने खाल्ले आणि शर्यत जिंकली. आमच्याकडे दशमी खाणारे बैल असतात, तेव्हा मला काही ते अशक्य वाटलं नाही.

आणि आग लागली ते सांगितलं का तुला? १९८४चा मे महिना. प्रेक्षकांचा सगळा स्टँड जळाला. बँकेच्या दारातून धूर दिसत होता, आणि कोणाचं कामात लक्ष नाही. थ्री-एमचा कारखानाही त्याच सुमारास जायच्या वाटेवर होता. गालिच्यांची गिरणी तर केव्हाच गेली होती. आपल्या गावच्या ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यात गिरणी बंद पडल्याचं येतं, ती गोष्ट काही कविकल्पना नाही. आम्हाला वाटलं, आता घोडेही गेले. पण त्यांनी तंबू ठोकून शर्यती लावल्या, मग नवा स्टँड बांधला. तेव्हा गावाची खात्रीच पटली, की हा काही जात नाही.

आगीने नाही गेला तो, सोयीने गेला. न्यूयॉर्कने १९७१ साली शहरात पैजेची दुकानं उघडली, ट्रॅकवर पाऊल न टाकता पैज. १९७६ला मेडोलँड्स झालं. दलदलीत बांधलेलं, मैलाचा ट्रॅक, रात्रीचे दिवे. नावाजलेले घोडे तिकडे वळले, हॅम्बल्टोनियनसारखी मानाची शर्यतही १९८१पासून तिथेच. १९७८ला अटलांटिक सिटीत कसिनो. रूझवेल्टवर १९६० साली एका रात्री पन्नास हजारांवर माणूस लोटला होता, ते रूझवेल्ट १९८८ला आटपलं सुद्धा. आणि मग फ्रीहोल्डला पडदे आले, दुसऱ्या गावच्या शर्यती दाखवायला. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचे हे बाहेर कठड्याशी, थंडीत नाक लाल झालेलं, आणि बाकीची मंडळी आत टीव्हीकडे तोंड करून बसलेली. पाठीमागे खरे घोडे पळताहेत आणि हे फ्लोरिडातल्या घोड्याच्या नावाने ओरडताहेत! माझं म्हणणं एवढंच, घोड्याशिवाय पैज लागते हे माणसाला एकदा कळलं, की घोडा पोसायचा कोणी? गवत आहे, नाल आहे, डॉक्टर आहे. कसिनोतल्या जुगाराच्या यंत्राला यातलं काही लागत नाही. आता तर फोनवरच लावतात. तुझा नवरा फुटबॉलवर लावतो ना? असू दे, असू दे, मी काही काकांना सांगत नाही. त्यांना माहीतच आहे.

बरं, बाजूच्या राज्यांनी काय केलं, ती यंत्रं ट्रॅकवरच बसवली. यॉंकर्सला बसवली, पेनसिल्व्हेनियात बसवली आणि त्यातला वाटा बक्षिसांना दिला. मग मालक घोडा कुठे नेईल? आपल्याकडे कसिनो फक्त अटलांटिक सिटीत. २०१६ला मतदान झालं, उत्तरेकडे दोन कसिनो होऊ द्यायचे का म्हणून. चारांतल्या तिघांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. मीही नाहीच म्हटलं, मला ते कसिनो बिलकूल नकोत. यांनी हो म्हटलं, शर्यतींना काहीतरी मिळेल या आशेने. त्या रात्री आमच्या टेबलावर कोणी कोणाकडे मीठसुद्धा मागितलं नाही.

आणि दोष देताना आपणही फार दूर उभं राहायला नको बाई. या आपल्या घरांच्या जागी घोड्यांचं फार्म होतं. तुझ्या टोमॅटोच्या वाफ्यात नाल सापडली, ती शुभ म्हणून दारावर ठोकलीस ना? ती काय आकाशातून पडली? मॉनमथ काउंटीत अशी कितीतरी फार्मं विकली गेली आणि तिथे चार-चार बेडरूमची घरं उठली. आपण घेतली, आनंदाने घेतली.

शेवटच्या दिवशी आम्ही गेलो नाही. मी म्हटलं होतं, चला. तर म्हणाले, बाराव्याचं जेवायला जायची मला हौस नाही. दिवसभर गराज आवरत बसले. गराज म्हणजे काय, जुन्या कार्यक्रमपत्रिकांची खोकी. या खोक्यातली त्या खोक्यात.

घोडे कुठे गेले म्हणतेस? काही दुसऱ्या ट्रॅकवर. पळायचे थांबलेल्यांना घर शोधून देणाऱ्या संस्था आहेत इथे. आणि बरेचसे आमिश लोकांकडे जातात, ते आजचं नाही, पूर्वीपासून आहे. त्यांना मोटार चालत नाही, बग्गी लागते, आणि हा घोडा गाडी ओढायला शिकलेला, सरळ चालीत पळणारा. यापेक्षा चांगला कुठे मिळणार? उन्हाळ्यात आम्ही लँकेस्टरला गेलो होतो ना, लेकाकडे जाताना. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं घ्यायला थांबलो. समोरून एक काळी बग्गी आली, मागून दुसरी. मागची जवळ यायला लागली, तसे पुढच्याचे कान टवकारले. अगं, हाकणारा दाढीवाला आजोबा लगाम खेचतोय, आणि घोडा काही ऐकेना, मागच्याला पुढे जाऊ द्यायलाच तयार नाही! यांनी कणसं माझ्या हातात कोंबली. डोळे असे चमकले, की मला ते सत्तरच्या दशकातले वाटले. म्हणाले, पेसर आहे तो, चाल बघ, चौकापर्यंत पहिला येतो, लाव दोन डॉलर. मी मागच्यावर लावले, कारण पुढचा मला दमलेला दिसत होता.

मागचाच आला पहिला. दोन डॉलर अजून दिलेले नाहीत त्यांनी. विचारलं की म्हणतात, चौकाच्या आधी पुढच्याला लगाम खेचून थोपवलं, ती शर्यत धरायची नाही.