कोहोजचा माणूस आणि आमची कार्यकारिणी

विरारच्या माणसाला गिर्यारोहण शिकवावं लागत नाही. मिळेल तिथे बोटं रुतवायची, अर्ध्या पावलाच्या जागेवर तोल सांभाळायचा आणि वरचा कितीही ओरडला तरी पकड सोडायची नाही, हे सगळं तो संध्याकाळी दादरच्या फलाटावर शिकतो. शिवाय जीवदानीच्या तेराशेच्या वर पायऱ्या त्याच्या डोक्यावर कायम उभ्या असतात. नवस असला की तो त्या चढतो, नसला की रोपवेची चौकशी करतो. अशा तयारीच्या लोकांना एका रविवारी डोंगरावर न्यायचं, यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. ज्याला वाटेल त्याला मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन करायला तयार आहे.

सुरुवात एका फोटोने झाली. वाडा तालुक्यातला कोहोज किल्ला, आणि त्याच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने घडवलेले कातळाचे सुळके. त्यातला एक थेट माणसासारखा दिसतो. फोटो टाकणाऱ्याने खाली फक्त ‘जायचं का?’ एवढंच विचारलं होतं. त्यावर चर्चा सुरू झाली ती जायचं की नाही याची नव्हे, तो माणूस कोण याची. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना त्यात ध्यानस्थ ऋषी दिसला. तळमजल्यावरच्या वहिनींना, मेंटेनन्स थकवून तोंड फिरवून बसलेला सभासद दिसला आणि त्यांनी मजला क्रमांकासकट तसं लिहिलंही. मी तो सुळका तरुणपणी जवळून पाहिलाय, म्हणून माझं मत ठाम आहे: तो विरार लोकलमधला चौथ्या सीटवरचा प्रवासी आहे. बूड अर्धं टेकलेलं, अर्धं हवेत, खांदा पुढे काढलेला, आणि चेहऱ्यावर ‘थोडं सरका’ म्हणून थकलेला भाव.

मास्तरांनी मग शास्त्र सांगितलं, आणि ते खरंही आहे. सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. सगळे थर सारखे टणक नसतात. भेगांतून पाणी शिरतं, मऊ भाग झिजून जातो, टणक तेवढा उभा राहतो. कोहोजच्या माथ्यावर वाराही असा, की टोपी धरावी तर चष्मा जातो. साडेसहा कोटी वर्षं वाचल्यावर सेक्रेटरींनी लिहिलं, ‘म्हणजे आणखी एक महिना थांबलं तर काही बिघडत नाही.’ इथे तारखेचा प्रश्न निघाला.

पावसाळ्यात वाट निसरडी, म्हणून तो बाद. ऑक्टोबरात ऊन. नोव्हेंबरात दिवाळीची पाहुणेमंडळी. डिसेंबरचा एक रविवार वसई-विरार मॅरेथॉनचा. त्यात धावणारं आमच्यातलं कुणीच नाही, पण रस्ते बंद असतात हे कारण सगळ्यांना पुरलं. पुढचा रविवार नाताळाच्या तयारीचा, कारण वसई गावातल्या आमच्या मित्रमंडळींशिवाय जायचं नाही असं ठरलेलं. राहिलेल्या रविवारी एकाच्या मेहुण्याचं लग्न, आणि ज्याला लग्न नव्हतं त्याने पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक पुढे केला.

कोहोजला अशा घोळाची सवय नाही असं नाही. 1665 साली पुरंदरच्या तहात महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हाही होता. पण तो तह मिर्झाराजांनी काही दिवसांत उरकला. आमच्या ग्रुपशी बोलणी करायची पाळी आली असती, तर ते वेढा उठवून आग्र्याला परतले असते.

प्रवासाचे दोन पक्ष पडले. एक म्हणाला, डहाणू लोकल धरून पालघर, तिथून वाड्याची एसटी, उतरायचं वाघोटे. गाडी वैतरणेच्या पुलावरून जाते तेव्हा सकाळचं ऊन खाडीवर पडलेलं असतं, ते बघायलाच तिकीट काढावं. दुसरा पक्ष टेम्पो ट्रॅव्हलरचा: विरार फाट्यावरून महामार्ग, मनोरला उजवीकडे वळलं की झालं. हा पक्ष बहुमतात होता, पण वर्गणीचा आकडा निघताच अल्पमतात गेला.

खाण्याचं मात्र एका रात्रीत ठरलं. बटाटेवडे, चपाती-भाजी, चतुर्थी आलीच तर वेगळा डबा, आगाशीच्या भाऊंकडून सुकेळी. सुकवलेल्या केळ्याइतकं डोंगराला सोयीचं खाणं दुसरं नाही, पण भाऊ तीन किलो आणतो म्हणाले, आणि ती कोण उचलणार यावर पुन्हा ग्रुप शांत.

या शांततेतच धोका असतो. आमच्याकडची कुठलीही सहल दोन दिवस कुणी ढकलली नाही, की उतरणीला लागते आणि घरंगळत थेट अर्नाळ्याला पोचते. ‘एवढ्या लांब कशाला, तुंगारेश्वर आहे की.’ मग ‘तुंगारेश्वरलाही चालावं लागतंच.’ मग ‘राजोडीला बीचवर बसू.’ शेवटी एखाद्या रिसॉर्टचं दरपत्रक येतं, त्यात स्विमिंग पूल आणि रेन डान्स असतो, आणि साडेसहा कोटी वर्षं वाट पाहत बसलेला आमचा चौथ्या सीटवाला तसाच ताटकळतो.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही म्हणून मी कार्यक्रम परस्पर जाहीर करून टाकलाय. जानेवारीचा दुसरा रविवार. पहाटेची डहाणू लोकल. वाघोट्याहून तलावाच्या बाजूने जंगलातली वाट, रमतगमत दोन-अडीच तासांत माची. तिथे महादेवाचं देऊळ आणि कातळात खोदलेली टाकी आहेत. टाक्यात पाणी असतं, तरी माणशी तीन लिटर घरून घ्या. वडे माचीवर, फोटो माथ्यावर, आणि ऊन कलायच्या आत उतरायला लागायचं, कारण परतीची एसटी आपल्यासाठी थांबत नाही. वाट नवखी असेल तर गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. सुळक्यावर चढू नये. त्यावर नाव कोरण्याचा विचार असेल त्याने अर्नाळ्यालाच जावं, तिथली वाळू ते भरतीला पुसून टाकते.

आणि एक विनंती. या निरोपाखाली अंगठा दाखवू नका. अंगठ्याचा अर्थ ‘येतो’ की ‘वाचलं’, हे आमच्या सोसायटीत अजून ठरलेलं नाही. येत असाल तर ‘येतो’ लिहा, आणि तीन किलो सुकेळी कोण उचलणार तेही.