जांभूळ फलाटाला लागली आहे

मधमाश्या पाळणारा माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो आणि आपल्या खांद्यावरून पलीकडे बघतो. आपल्याला वाटतं, मागून कोणी ओळखीचं आलं. तसं काही नसतं. कोणाच्या तरी परसातल्या शेवग्याला फूल आलेलं असतं. त्यानंतर तो आपलं ऐकत नाही, नुसती मान डोलावतो.

हा प्राणी हल्ली बराच वाढला आहे. निवृत्त बँकवाले, नोकरीला कंटाळलेले इंजिनिअर, गच्चीवर आधी कोथिंबीर आणि मग कोंबड्या करून थकलेले गृहस्थ, हे सगळे शेवटी मधपेटीपाशी येऊन थांबतात. वाईत, आमच्या आळीत, नाना आहेत.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभं आयुष्य त्यांनी जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या लावल्या आणि सोडल्या. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, घोषणा राहिल्या. चहा कधी लागणार, पोळ्या किती मिनिटं उशिरा सुटणार, याची चौकशी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून करू लागले. काकूंनी एक पावसाळा सोसलं. मग महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे आणि तिथे मधमाशीपालनाचं प्रशिक्षण मिळतं, असं त्यांच्या कानावर आलं. 'मुक्कामी जावं लागतं' एवढंच त्यांनी नीट ऐकलं आणि नानांची पिशवी स्वतःच्या हाताने भरली. नाना गेले आणि सातेरी माश्यांच्या दोन पेट्या घेऊन परत आले. निम्मे पैसे सरकारी अनुदानाचे, निम्मे काकूंच्या भिशीचे.

तेव्हापासून नानांच्या दाराच्या मागे वेळापत्रक लागलं आहे. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, तांबडी-निळी शाई, आणि खाली 'फुलांच्या वेळा हवामानानुसार बदलू शकतात' अशी सूचना. ऑक्टोबरात पठारावर सोनकी, खाली शेतात कारळा आणि तीळ. थंडीत धने. संक्रांतीनंतर बियाण्याचा कांदा. मार्चमध्ये जांभूळ, तिच्यामागे करंज, आणि वर घाटात हिरडा. शेवगा म्हणजे जवळपासची शटल, कधीही बघा, उभाच. आंब्याबद्दल त्यांचं मत वाईट आहे. "मोहोर बघून भुलू नकोस," ते म्हणतात. "नुसती रंगरंगोटी. तिथे साध्या माश्या घोंगावतात. आमच्या फारशा चढत नाहीत." आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांवर त्यांनी एक आडवी रेघ मारून लिहिलं आहे: दरड कोसळल्यामुळे मार्ग बंद.

या वेळापत्रकात अगदी तळाशी, चौकटीत, कारवी आहे. कारवी सात वर्षं नुसती हिरवी राहते आणि आठव्या वर्षी अख्खा डोंगर जांभळा करून मरते. प्रत्येक डोंगराचं वर्ष निराळं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली. त्या वेळी नाना भाचीकडे बारशाला म्हणून मुंबईला गेले आणि बारसं सोडून उद्यानात जाऊन बसले. बाळाचं नाव त्यांना अजून सांगता येत नाही, पण कारवीची पुढची तारीख पाठ आहे. "बत्तीस सालचा सप्टेंबर मोकळा ठेव," असं त्यांनी मला बजावलं आहे. स्वतःचं वयसुद्धा ते कारवीतच सांगतात. आठ कारव्या पुऱ्या झाल्या, नववी चालू आहे.

सातेरी माशी मध आणायला पेटीपासून साधारण किलोमीटरभर जाते. ही साधी गोष्ट प्रशिक्षणात कळल्यापासून किलोमीटरभरातलं सगळं नानांचं झालं आहे. लोकांना ते आता आडनावाने ओळखत नाहीत. करंजवाले डॉक्टर, दोन शेवगेवाल्या बाई, आणि "तो नालायक" म्हणजे ज्याने परसात फरशी बसवून घेतली तो. पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये जांभळीखाली गाड्या लावतात आणि मे महिन्यात टपावर डाग पडतात, म्हणून झाड काढायचा विचार निघाला. सभासद नसताना नाना त्या सभेला गेले, पहिल्या रांगेत बसले आणि मतदानात हात वर केला. तो मोजलाही गेला. ठराव एका मताने पडला.

पुतण्याचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी शिकलेली, घर चांगलं, माणसं फलटणकडची. बैठकीत नाना मुलीच्या वडिलांना म्हणाले, "तुमच्याकडे सगळा ऊसच का हो?" वडील अभिमानाने म्हणाले, "नऊ एकर!" नानांचा चेहरा उतरला. उसाच्या पट्ट्यात माशीला खायला काय मिळणार? देण्याघेण्यावरून काही बिनसलं की काय, या भीतीने मुलीकडचे कासावीस झाले. शेवटी मुलीच्या मामाने सहज सांगितलं की विहिरीच्या बाजूला थोडं डाळिंब आहे. "मग आधी नाही का सांगायचं!" म्हणत नानांनी पेढा उचलला.

उसाशी त्यांचं वैर आहे त्याला आणखी एक कारण आहे, ते नाना सांगत नाहीत. एप्रिलच्या शेवटी जांभूळ सुटून गेली की त्यांच्या माश्या स्टँडसमोरच्या रसवंतीवर बसतात. जांभळीचा, हिरड्याचा, करंजाचा असा निवडक मध गोळा करणाऱ्या, शिस्तीच्या, त्यांच्या शब्दांत 'निर्व्यसनी' माश्या गिऱ्हाइकाच्या ग्लासाच्या काठावर रांगेने उभ्या राहून रस पितात. रसवंतीवाला एकदा तक्रार घेऊन आला. नानांनी ग्लासातली एक माशी बोटावर घेऊन उलटीसुलटी केली आणि जाहीर केलं, "ही फुलोरी आहे. आमची नव्हे." फुलोरी माशी बारीक, उघड्यावर फांदीला पोळं करणारी. सातेरी तिच्यापेक्षा चांगली ठसठशीत. हे रसवंतीवाल्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी गप्प बसलो, कारण मला मध हवा होता.

आता मधाचं. नाना मध देतात, नाही असं नाही. चमच्याने देत नाहीत, आगकाडीची मागची बाजू बुडवून देतात. आपण ती काडी तोंडात घातली, की पुढचं वाक्य ठरलेलं. "एक माशी जन्मभर राबते तेव्हा चमच्याचा बारावा भाग मध होतो. आत्ता तू जो चाटलास ना, त्यात एकीचं अख्खं आयुष्य गेलं." गोड वस्तू इतक्या अपराधी भावनेने मी दुसरीकडे कुठे खाल्लेली नाही. जांभळीचा मध तर मुळातच शेवटी जिभेवर जरासा कडवट लागतो, त्यात हे.

थंडीत मधाला कणी धरते आणि नानांच्या छळाचा हंगाम सुरू होतो. कोणी ना कोणी बाटली घेऊन येतं. "नाना, फसवलं हो त्याने, साखर घातलीय, ही बघा तळाशी." नाना समजावतात: मधातलं ग्लुकोज गारठ्याने बाहेर पडतं, ते मधाच्या स्वभावातच आहे, बाटली कोमट पाण्यात ठेवा, विस्तवावर धरू नका. समोरच्याला हे पटत नाही. त्याने आधीच पाण्यात थेंब टाकलेला असतो, वात भिजवून पेटवलेली असते, आणि शेवटची परीक्षा म्हणून कुत्र्यापुढे ठेवून पाहिलेला असतो. शुद्ध मध कुत्रा खात नाही, असं एक शास्त्र आपल्याकडे आहे. "कुत्रा कारलंही खात नाही," नाना म्हणतात, "मग भरा बाटलीत!" बाटली नेणारा जातो तो नानांचंच काहीतरी चुकत असावं असं मनाशी धरून. कच्चा मध कसा ओळखायचा हे मात्र कोणी विचारत नाही, आणि नानांना तेच सांगायचं असतं. माश्यांनी कप्प्यांवर मेणाचं झाकण घालायच्या आत घाईने मध काढला, तर त्यात पाणी जास्त राहतं, तो आंबतो आणि बूच उडवतो. तो माणूस दारातून बाहेर पडला तरी नाना त्याच्या पाठीला हे सांगत राहतात.

आणखी एक इच्छा त्यांच्या मनात आहे. जवळच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव अशी पाटी लागली. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. मांघरला घरोघरी पेट्या, तिथे हे शोभतं. नानांनी दोन पेट्यांच्या जोरावर आमची आळी 'मधाची आळी' जाहीर व्हावी असा अर्ज लिहिला आणि सह्या गोळा केल्या. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, कारण सही होईपर्यंत ते उठत नव्हते.

मागे एकदा ढोल्या गणपतीला निघालेलं पुण्याचं एक कुटुंब वाट चुकून आमच्या आळीत शिरलं आणि त्यांनी नेमका नानांना रस्ता विचारला. एरवी कोणी सांगेल, सरळ जा, घाट लागेल. नाना म्हणाले, "माशीने कसं सांगितलं असतं, बघा." मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी समजावलं, की पोळं उभं असतं, वर म्हणजे सूर्याची दिशा धरायची, फूल सूर्याच्या जितकं डावीकडे तितकं उभ्या रेघेपासून डावीकडे कलून चालायचं, चालताना पोट हलवायचं, जितकं लांब तितका वेळ हलवायचं, मग वळसा घेऊन पहिल्या जागी. हे सगळं त्यांनी लेंगा सावरत करून दाखवलं. चार वळसे झाले. बाई मोबाईलवर चित्रण करू लागल्या. "याला १९७३ साली नोबेल मिळालं आहे," नाना धापा टाकत म्हणाले. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं नाव दम लागल्याने राहून गेलं, आणि ते कुटुंब नानांकडेच अत्यंत आदराने बघत निघून गेलं. गेलं उलट्या बाजूला, ते वेगळं.

पावसाळ्यात या सगळ्याला खीळ बसते. फूल नाही, बाहेर पडायला उघडीप नाही. मग माश्या पाकावर. निम्मी साखर, निम्मं पाणी, गार करून पेटीत वाटी ठेवायची, पेटीच्या चारही पायांखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी भरायचं, मेणकिडा लागला नाही ना बघायचं. पाक काकू करतात. हिशेबही त्याच ठेवतात, आणि तो विचारल्याशिवाय सांगतात: पहिल्या वर्षी घरात साखर आली नऊ किलो, मध निघाला दीड. "ह्यांच्यापेक्षा बुंदी पाडली असती तर चार घरं जेवली असती." माश्यांचा त्यांना राग नाही. राग हा, की चहात अर्धा चमचा साखर जास्त पडली तर नाना घोषणा करतात.

नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला हे सगळ्यांत शेवटी नानांना कळलं. त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता, पण झाडावरच्या फुलाशिवाय वर बघायची सवयच राहिली नसल्याने काही अडलं नाही. अडलं ते अंड्यांपाशी. पेटीतली राणी दर वेळी दिसतेच असं नाही. ती आहे की नाही, हे अंड्यांवरून ओळखायचं. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी एक, तांदळाच्या कणीहून बारीक. पहिल्या दिवशी उभं, दुसऱ्या दिवशी कललेलं, तिसऱ्या दिवशी आडवं. नाना चौकट उन्हात धरून अंड्याच्या कलावरून राणी कधी फिरून गेली ते सांगत. एका जून महिन्यात त्यांना अंडीच दिसेनात. त्यांनी राणी गेल्याचं जाहीर केलं. दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून एक जुना मधपाळ नवी राणी घेऊन आला. त्याने चौकट उचलली, एकदा पाहिलं आणि नवी राणी होती तशी पिशवीत ठेवली. "नाना, कप्पे अंड्यांनी भरलेत. ही आत सोडली असती तर माश्यांनी मारली असती." मग जरा थांबून, "चष्मा कधी बदलला होता?"

ऑपरेशनची तारीख ठरवायला डॉक्टरांकडे मी बरोबर होतो. डॉक्टर म्हणाले, ऑक्टोबर बरा. नाना म्हणाले, कारळा. डिसेंबर? धने. फेब्रुवारी? कांदा. मार्च म्हटल्यावर नाना नुसते हसले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "श्रावणात मार्ग बंद असतो, तेव्हा करून टाका." ठरलं. पथ्य सांगताना डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, धुरात जायचं नाही. धुराडं पेटवल्याशिवाय पेटी उघडायची कशी, यावर नानांनी त्यांच्याशी वाद घातला. बाहेरचे पेशंट आत डोकावू लागले तेव्हा कुठे ते उठले.

पथ्याचे दिवस संपले त्या सकाळी नाना आधी परसात गेले. चौकट बाहेर काढून बराच वेळ तिरपी धरली. उभी, कललेली, आडवी, सगळी दिसली. पायाखालच्या एका वाटीतलं पाणी आटलेलं दिसलं, मुंग्यांची रांग दिसली, काकूंना हाक गेली. मग ते घरात आले आणि उंबऱ्यातच थबकून वर आढ्याकडे बघू लागले.

"अगं, ही एवढी जळमटं कधीपासून आहेत?"

काकू पाक ढवळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"एक कारवी होऊन गेली," त्या म्हणाल्या. "दुसरी लागायच्या आत काढा."