उसनं प्रपोजल

मार्च उजाडला की इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमध्ये एका पीडीएफला भलताच भाव येतो. गेल्या वर्षी गूगल समर ऑफ कोडमध्ये, म्हणजे ओपन सोर्स प्रोजेक्टवर मेंटॉरच्या हाताखाली काम करायच्या गूगलच्या उपक्रमात, निवडल्या गेलेल्या सीनियरचं प्रपोजल! "दादा, फक्त फॉरमॅट बघायचाय," असं म्हणून ते मागितलं जातं. फॉरमॅट बघायला दोन मिनिटं पुरतात, रात्र लागत नाही, हे दादालाही ठाऊक असतं.

पोरांचा तरी काय दोष म्हणा! पहिल्या वर्षापासून हात जीटीवर, म्हणजे ग्लास ट्रेसिंगवर बसलेला. काच टेकवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. रेघ न रेघ उतरते आणि सबमिशन पार पडतं.

प्रपोजल मात्र असं उतरत नाही. ते वाचणारा मेंटॉर त्याच प्रोजेक्टमध्ये मुरलेला असतो आणि गेल्या वर्षीचं प्रपोजल बहुधा त्यानेच वाचून पास केलेलं असतं. शिवाय नक्कल करताना नाव आठवणीने बदललं जातं, बाकीचं राहून जातं. 175 तासांच्या प्रोजेक्टला 350 तासांचं वेळापत्रक चिकटतं. सीनियरने केव्हाच पूर्ण केलेलं फीचर हा पठ्ठ्या जुलैत बांधायला निघतो. ऐन जूनमध्ये पेपर असताना 'उन्हाळाभर मोकळा आहे' असं बिनदिक्कत लिहून बसतो.

गंमत म्हणजे ओपन सोर्सच्या मुलखात उचलायला बंदी नाहीच. एमआयटी लायसन्सचा कोड खुशाल घ्या, बदला, हवा तर विका. मूळ कॉपीराइटची आणि लायसन्सची नोंद तेवढी सोबत ठेवा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली तयार केलेलं गिट तर कुठली ओळ कोणी आणि कधी बदलली, याची बारीक नोंद ठेवतं. गूगलचा हा उपक्रमही 2005चाच. इतक्या नावनिशीवार कारभारात दुसऱ्याचं नाव खोडून शिरायचं म्हणजे धाडसच!

मग लिहायचं कसं? सीनियरचं प्रपोजल जरूर वाचावं आणि मिटून ठेवावं. प्रोजेक्ट आपल्या लॅपटॉपवर चालवून बघावा. पहिल्या फटक्यात तो सहसा चालत नाही. कुठली लायब्ररी रुसली, कुठला एरर आला, त्यातून वाट कशी काढली, हे चार ओळींत मांडलं तर तसा मजकूर दुसऱ्या कुणाच्या पीडीएफमध्ये सापडायचा नाही. एखादा बारीकसा बग दुरुस्त करून पाठवावा आणि त्याची लिंक जोडावी. कल्पना इश्यूवरच्या चर्चेत कोणी मांडली असेल तर त्याचं नाव घालावं. त्याने आपण लहान होत नाही. पोराने आधीचं वाचलंय, एवढं मेंटॉरला कळतं. एआयची मदत घ्यायची तर त्या संस्थेचा नियम आधी बघावा. तो सगळीकडे सारखा नसतो.

उसनं प्रपोजल नाकारलं गेलं तर एक उन्हाळा हुकतो, इतकंच. खरी पंचाईत ते निवडलं गेल्यावर होते. दुसऱ्याच्या कुवतीवर दिलेली वचनं आपल्याला पाळावी लागतात, तीही दर आठवड्याला मेंटॉरला हिशेब देत. तेव्हा पोरांनो, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. झेपेल तेवढंच कबूल करा, पण स्वतःचं लिहा.