आयटोआचं गाव कंचं?

माझा भाचा शिवाजी पेठेत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी. निळा पडदा, पिवळी अक्षरं; आमच्या जमान्यातला माल. घरी मात्र गड्यानं हौसेनं लिनक्स घातलंय. लॅबमध्ये टकाटक चाललेला प्रोग्राम घरी चढवला, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू आयटोआ' म्हणून लिनक्सनं हात वर केले.

"मामा, एटोआय चालतंय, मग आयटोआ का न्हाई? जायला रस्ता हाय, यायला न्हाई?"

प्रश्न रास्त होता. अक्षरांचा आकडा करणारं एटोआय १९८९ पासून सीच्या मानकात बसलंय. आकड्याची अक्षरं करणारं आयटोआ गल्लीतल्या पैलवानासारखं: तालमीत दरारा, वेशीबाहेर ओळखतंय कोण? बोरलँडनं त्याला टर्बो सीत घेतलं, मायक्रोसॉफ्टनं पुढं अंडरस्कोर चिकटवून ठेवून घेतलं, युनिक्सच्या दारात मात्र डाळ शिजली नाही. तिथं एस-प्रिंटएफ आधीपासून बसलेला. पूर्णांक, अपूर्णांक, सोळाचा पाया, सगळं एकटा ओढतो. (दोनचा पाया म्हटलं की तोही कानावर हात ठेवायचा, ती सोय २०२३ च्या मानकात आली.)

गंमत अशी, की सी ज्यांच्या पुस्तकातून जग शिकलं त्या कर्निगन आणि रिची यांनी तिसऱ्या प्रकरणात आयटोआ स्वतः लिहून दाखवलंय. अंक उलटे काढायचे, मग ओळ फिरवायची. बोरलँडचं आयटोआ तीन गोष्टी मागतं, यांचं दोनच. वर स्वाध्यायात कबुली, की सगळ्यांत टोकाची ऋण संख्या आमच्याच्यानं होत नाही!

"एस-एन-प्रिंटएफ वापर," मी म्हटलं. "जागा बघून लिहितंय. १९९९ पासून मानकात हाय."

त्याचा कोड बघितला. अक्षरांसाठी जागा सातची. लॅबमध्ये हिशेब चोख: तिथला इन्ट १६ बिटांचा, लांबात लांब −३२७६८, म्हणजे सहा अक्षरं आणि शेवटचा नल. लिनक्सवर इन्ट ३२ बिटांचा. −२१४७४८३६४८ ला बारा घरं लागतात. उरलेली पाच शेजाऱ्याच्या मेमरीत घुसणार, तेही न विचारता.

"पण मामा, निळ्या पडद्यावर एस-एन-प्रिंटएफच न्हाई. आणि सर आउटपुट तिथंच बघत्यात."

हे खरं होतं. टर्बो सी १९९९ च्या आधीचं.

"मग साधं एस-प्रिंटएफ. दोन्हीकडं चालतंय. जागा तेवढी बाराची ठेव."

"शंभरची ठेवतो. मेमरीला काय दुष्काळ पडलाय?"