स्पेसबुवा

कंपनीच्या बसमधून हिंजवडीला जाताना शेजारच्याच्या लॅपटॉपवर वाकून, ओळख ना पाळख, "टॅब वापरता की स्पेस?" असं विचारणारे गृहस्थ भेटले, तर ते स्पेसबुवा समजावेत. उत्तर काहीही द्या, बुवांचा चेहरा सुतकीच.

दर टीममध्ये असे एक बुवा असतातच. कोड रिव्ह्यूला त्यांच्याकडे गेला की पोरांच्या पोटात गोळा येतो. "सर, चालतंय की!" असं कुणी म्हणालंच, तर बुवा चष्मा वर सरकवतात. "चालतंय रे, पण वाचवतंय का?"

मग कीर्तन. पूर्वरंगात पायथन. समास चुकला तर प्रोग्रॅमच अडून बसेल, अशी भाषा १९९१ साली जगापुढे आणल्याबद्दल गिडो व्हॅन रॉसम यांना मनोभावे नमस्कार. त्यामागोमाग २००१ चं पेप ८: इंडेंट चार स्पेसचं, ओळ जास्तीत जास्त ७९ अक्षरांची. "एवढ्या रुंद स्क्रीनवर ७९ का, सर?" असं एखादी नवी मुलगी विचारते आणि सगळ्यांचा चहा गार होतो. कारण बुवा आता १९२८ मध्ये शिरणार. आयबीएमचं पंचकार्ड ८० रकान्यांचं, तेच माप पुढे टर्मिनलांनी उचललं. कार्डं गेली, टर्मिनलं गेली, मर्यादा राहिली. याचं बुवांना नवल नाही, अभिमान आहे.

उत्तररंगाचं आख्यान ठरलेलं: फेब्रुवारी २०१४, ॲपल. साइटची डिजिटल सही तपासणाऱ्या, सी भाषेतल्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ‘इफ’च्या हुकमातली. दुसरीही तेवढीच आत सरकवलेली, म्हणून वाचणाऱ्याला तीही त्याच अटीतली वाटावी. पण सी समासाकडे ढुंकून पाहत नाही, महिरपी कंस पाहते. आणि ते तर कुणी घातलेच नव्हते. मग अट असो नसो, दुसरी ओळ धावायचीच. सहीची खरी तपासणी पुढेच राहिली. बुवा इथे आवाज चढवतात: "उडी ‘फेल’कडे, निकाल मात्र ‘पास’!" आयफोनला खरी साइट आणि तोतया साइट यांतला फरकच कळेना.

"पायथनमध्ये ती ओळ निमूट अटीच्या आतच राहिली असती!"

हे खरं आहे. बुवांचं खोडता येत नाही, हीच तर पंचाईत. एरवी बुवांनी स्पेसवरून चौदा शेरे मारलेल्या कोडमधूनच शून्यानं केलेला भागाकार सहीसलामत प्रॉडक्शनवर गेलेला असतो. पण तो नीट चार स्पेस आत होता.

बुवांचा खरा घात केला गो भाषेनं. तिच्यासोबत गोफएमटी नावाचं हत्यार येतं आणि तेच सगळा कोड एका साच्यात बसवून टाकतं. तेही टॅबनं! वाद घालायला माणूसच समोर नाही. गोच्या प्रोजेक्टवर नेमणूक झाल्यावर बुवा कॅन्टीनमध्ये एकटेच बसू लागले.

मग त्यांना व्हेरिएबलची नावं दिसली. गोवाल्यांना एकाक्षरी नावं प्रिय. बुवांनी पहिल्याच ‘सी’च्या जागी ‘करंटमंथकस्टमरअकाउंटबॅलन्सलिस्ट’ सुचवलं. पोरानं मुकाट्यानं बदललं. ओळ ७९ च्या पार गेली.

गोफएमटी ओळीच्या लांबीबद्दल चकार शब्द काढत नाही, हे कळल्यापासून बुवा ऑफिसला पुन्हा सगळ्यांच्या आधी येतात.