अडीच कट्टैचा पाहुणा

लोकसंगीताला गिटार लावून रेकॉर्ड काढणारा मराठी गायक-गीतकार लांबूनही ओळखू येतो. वय पस्तिशीच्या आगेमागे. दाढी वाढलेली, पण वाढवायला मेहनत घेतलेली. अंगात हातमागाचा कुर्ता आणि पायात त्या कुर्त्याच्या दहापट किमतीचे बूट. हिंजवडीतली नोकरी त्यानं नुकतीच सोडलेली असते किंवा तो सोडण्याच्या बेतात असतो. दोन्ही अवस्थांत चेहरा तितकाच त्यागी असतो. रेकॉर्डचं नाव एका शब्दाचं आणि केव्हाच ठरलेलं: 'नाळ', 'मूळ' किंवा सरळ 'माती'. गाणी तेवढी व्हायची असतात.

हा गृहस्थ तंजावरला का येतो? कारण घरचं लोकसंगीत संपलेलं असतं. म्हणजे संपलेलं नसतं, वाटून झालेलं असतं. गोंधळ सिनेमावाल्यांनी नेला. अभंगाला मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'नं बास आणि ड्रम लावले. शिशुनाळ शरीफांची कन्नड पदं गात बंगळुरूचे रघु दीक्षित परदेश फिरून आले. सातारा जिल्ह्यात याची सख्खी आत्या आहे, तिला जात्यावरच्या ओव्या रात्रभर पुरतील इतक्या येतात. पण ती ओवीच्या आधी लग्नाचं विचारते आणि ओवी झाल्यावर नोकरीचं. तेव्हा मुळं अशी हवीत, जी आपली असतील पण आपल्याला ओळखत नसतील. व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तंजावरला जाऊन राहिले ते जणू याच गरजेसाठी. १८५५ मध्ये राज्य गेलं, पण बरोबर आलेली मराठी घरं राहिली. तमिळ शेजारी त्यांना 'रायर' म्हणतात.

चेन्नईहून रात्री निघणाऱ्या गाडीचं नाव उळवन एक्सप्रेस. उळवन म्हणजे शेतकरी, असं सहप्रवासी सांगतो आणि याला वरच्या बर्थवर भरून येतं. सकाळी स्टेशनवर उतरल्या उतरल्या तो चप्पल काढून (बूट बॅगेत गेलेले असतात) जमिनीवर उभा राहतो. ती जमीन फलाटाची असते.

ओळखीतून ओळख काढून एका रायरांच्या घरी तो पोचतो. रायर सरकारी नोकरीतून निवृत्त, त्यांचं मराठी कानाला बखरीतलं वाटतं आणि हेल चोख तमिळ. पाहुणा मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून मान खाली घालून बसतो. आता काहीतरी तीनशे वर्षांपूर्वीचं ऐकू येणार. रायर विचारतात, "इळैयाराजांची 'हाऊ टू नेम इट' ऐकली आहेस का? १९८६ ची. त्यागराज आणि बाख एकाच रेकॉर्डमध्ये. ती आधी ऐक, मग आपण बोलू."

इथून पुढे जे होतं ते मला फार आवडतं. पाहुणा एकेक नवी कल्पना काढतो आणि रायर कॉफीचा टंबलर खाली न ठेवता सांगतात, झालंय. पाश्चात्त्य वाद्यांवर दाक्षिणात्य चाली? झालंय, दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात बँड होता. त्याच काळात याच मुलखातल्या दीक्षित बंधूंपैकी एकानं व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणलं आणि दुसऱ्यानं, म्हणजे मुत्तुस्वामींनी, इंग्रजांच्या बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवले. 'गॉड सेव्ह द किंग'च्या चालीवर देवीची प्रार्थना आहे, 'संततं पाहि माम्'. राजाला वाटलं आपला गौरव चालला आहे, देवीला वाटलं आपला. (याहून सोयीची रचना मला ठाऊक नाही.) बरं, एकाच कृतीत अनेक भाषा? तंजावरच्याच शहाजीराजांचं 'पंचभाषाविलास' नाटक, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी. तेही सतराव्या-अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर.

पाहुणा शेवटचा पत्ता टाकतो. सगळी रेकॉर्ड एकाच सूत्रात गुंफलेली, लोककलेचा साचा घेऊन आधुनिक विषय! रायर उठतात आणि 'देवेंद्र कुरवंजी'चं पुस्तक आणून मांडीवर ठेवतात. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, हात पाहते, प्रेमात पडलेल्या नायिकेला दिलासा देते. सरफोजीराजांनी मराठीत कुरवंजी लिहिली आणि त्या बाईच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. खंड, देश, नद्या, सगळं गाण्यात. शिवकालीन घराण्यातला, जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेला राजा तमिळ साच्यात मराठी शब्द भरून युरोप गातो आहे. माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या गिटारवाल्यांनी मिळून एवढं धाडस केलेलं नाही. पाहुणा मात्र पानं उलटून म्हणतो, "इंटरेस्टिंग. पण यात माती कुठे आहे?"

माती कावेरीत असते असं कळून तो तिरुवैयारूला जातो. तिथे नदीकाठी त्यागराजांची समाधी आहे. ती बेंगळुरू नागरत्नम्मा या गायिकेनं स्वतःचा पैसा घालून बांधली. दारोदार भजन करत मिळेल त्या तांदळावर राहायचं, ही त्यागराजांची उंछवृत्ती. राजानं बोलावलं तरी ते गेले नाहीत, अशी कथा सांगतात. पाहुण्याला एकदम आपला माणूस सापडतो. स्वतः गीतकार, स्वतः गायक, व्यवस्थेला नकार! त्याच संध्याकाळी तो पुण्यातल्या सगळ्या मावसभावांना रेकॉर्डसाठी वर्गणीची लिंक पाठवतो आणि खाली लिहितो, 'ही माझी उंछवृत्ती'. सरकारी अनुदानाचा अर्जही त्याच संध्याकाळी जातो. राजानं बोलावलेलं नसतं, एवढाच काय तो फरक.

रात्री तो खळाळत्या कावेरीवर गाणं लिहितो. दिवस मे महिन्याचे. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजानं १२ जूनला सुटतं, त्याआधी पात्रात वाळू असते आणि वाळूत मुलांचं क्रिकेट. रायरांच्या घरच्या मामी कडवं ऐकून एवढंच विचारतात की, खळाळतं ते नक्की काय? बदल म्हणून तो 'कोरडी कावेरी' असं दुसरं गाणं करतो. ते बरं होतं, खोटं कशाला बोला. डोळ्यांनी पाहिलेलं असतं ना.

मग स्टुडिओ. एरवी भक्तिगीतांच्या सीडी निघतात अशी एक खोली. पाहुण्याला हवे असतात नादस्वरम आणि तविल, 'अगदी रॉ, देवळाच्या आवारातले'. वाट पाहत असताना तो साउंड इंजिनिअरला सांगतो की, या लोकांना मेट्रोनोम वगैरे माहीत नसेल, त्यांना मोकळं वाजवू दे, आपण नंतर बसवून घेऊ. तेवढ्यात वित्वान, म्हणजे नादस्वरमवाले, येतात. मोटारीतून. रेशमी अंगवस्त्र, कानात हिऱ्याची कुडी, बरोबर तविलवाले आणि पुतण्या. वैकासी महिना चाललेला, म्हणजे लग्नसराई. सकाळचा मुहूर्त आटपून आलेत आणि संध्याकाळी कुंभकोणमला रिसेप्शन आहे. तविलवाले बोटांवर टोपणं चढवत विचारतात, "क्लिक देताय ना तम्बी? बीपीएम किती?" पाहुण्याकडे बीपीएम नसतो. त्याच्याकडे भावना असते. ती तमिळमध्ये सांगता येत नाही म्हणून तो हातवारे करतो. तविलवाले हातवारे नीट पाहतात आणि म्हणतात, "ब्याण्णव."

खरी लढाई पुढे होते. गाणी सगळी गिटारच्या ई मायनरमध्ये. नादस्वरम अडीच कट्टैचं, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी दोन. नादस्वरमची पट्टी लाकडातच ठरते. कुंभकोणमजवळच्या नरसिंगपेट्टैत ते आच्चा नावाच्या जुन्या, मुरलेल्या लाकडातून कोरतात, त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ते कुणासाठी अर्धा सूर वर सरकत नाही. पाहुणा विनवतो. वित्वान शांतपणे विचारतात, त्या गिटारला खुंट्या कशासाठी असतात? खुंट्या पिळल्या जातात, सहाही तारा अर्धा सूर खाली. पाहुणा दोन मिनिटं गप्प असतो आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो की, हेंड्रिक्सही गिटार अर्धा सूर उतरवूनच वाजवायचा. पराभवाला परंपरा मिळवून देण्यात आपला हात कोण धरेल? गंमत म्हणजे खालच्या पट्टीत त्याचा गळा जास्त चांगला लागतो. हे त्याला कुणी सांगत नाही.

आवाजाचंही तसंच. हे मैदानातलं, मिरवणुकीतलं मंगलवाद्य. पहिल्या फुंकीला मीटरचा काटा लाल रेषेपलीकडे. माइक मागे नेतात, मग दाराशी, मग जिन्यात. शेवटी वित्वान खोलीत, माइक जिन्यात आणि गिटार कुठेच नाही. "थोडं हळू?" असं पाहुणा तोवर आलेल्या रायरांमार्फत विचारतो. उत्तर येतं, "हळू हवं तर बासरीवाला बोलवा. माझ्या मेव्हण्याचा मुलगा आहे, नंबर देतो."

तरी चौथ्या गाण्याच्या मध्यावर काहीतरी होतं. कडव्यानंतर सोळा मात्रा रिकाम्या असतात, पाहुण्यानं तिथे 'वारा' असं लिहून ठेवलेलं. वित्वान ती सोळा मात्रांची जागा ऐकतात, पुन्हा लावायला सांगतात आणि खमासमध्ये एक लकेर घेऊन अशा वळणावर आणून सोडतात की, तविल आपसूक पकडतं. इंजिनिअर मोबाइल खाली ठेवतो. रायर मान डोलावतात, आणि यावेळी 'झालंय' म्हणत नाहीत. दुसऱ्या टेकची गरज पडत नाही. पुतण्या यूपीआयचा कोड पुढे करतो आणि मोटार कुंभकोणमला निघून जाते.

'माती' यथावकाश निघते. मुखपृष्ठावर रापलेला हात आणि हातात चिमूटभर माती. हात पाहुण्याच्या मित्राचा, माती कोथरूडच्या कुंडीतली. आतला मजकूर लांबलचक आहे. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांच्या घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे, त्याच्याशी स्पर्धा करायची असावी असा. पुण्याच्या समारंभात पाहुणा सांगतो की, तंजावरच्या निरागस कलावंतांनी मला शहाणं केलं. टाळ्या पडतात. श्रेयनामावलीत चौथ्या गाण्यापुढे लिहिलेलं असतं, 'शब्द व संगीत' आणि त्याचं नाव. खाली बारीक अक्षरात, 'नादस्वरम: पारंपरिक'.

आठवडाभरात तंजावरहून फोन येतो. फोन पुतण्या लावतो, वाणिज्य शाखेचा पदवीधर, गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचे नियम त्याला तोंडपाठ. पण बोलतात स्वतः वित्वान, सावकाश, मधूनमधून इंग्रजीत.

"तम्बी, चौथं गाणं ऐकलं. चांगलं आहे. मधला तुकडा मी केला, तुमच्यासमोर केला. माझं वय अठ्ठेचाळीस. पारंपरिक कोण?"

पाहुणा आदर, ऋण, गुरु-शिष्य वगैरे बोलू लागतो. पलीकडून तविलवाल्यांच्या नावाचं स्पेलिंग सांगणं सुरू होतं. रात्रीपर्यंत नावं बदलतात, संगीतकार म्हणून दोघांची, टक्केवारीसकट. सकाळी पाहुणा घाबरतच आभाराचा संदेश पाठवतो आणि पुढच्या रेकॉर्डलाही याल का असं विचारतो.

वित्वानांचं उत्तर लगेच येतं. येईन, पण वैकासीत नको. आडी महिन्यात बोलवा. तेव्हा लग्नं नसतात, थोडं कमी घेईन.