आबा अश्मयुगात जातात

महाराष्ट्राच्या पोटात आधीच दोन तट आहेत. डॉ. दीक्षितांचे लोक दिवसातून दोनदाच जेवतात, ऋजुता दिवेकरांचे लोक दर दोन तासांनी खातात आणि लग्नात दोघंही जिलेबीपाशी भेटतात. आता तिसरा पक्ष आलाय, पॅलिओ. अमेरिकेत ईटन आणि कॉनर यांनी १९८५ साली अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला, २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि गुहेतला माणूस एकदम आहारतज्ज्ञ झाला. म्हणणं असं, की शेतीला जेमतेम दहा हजार वर्षं झाली, आपल्या शरीराला ती अजून मानवलेली नाही. तेव्हा धान्य, कडधान्य, दूध, साखर बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालू.

हा नियम लावला तर सातारा-सांगलीत दुकानं बंद करावी लागतील. शाळूची भाकरी गेली. भिलवडीचं दूध गेलं, कंदी पेढे गेले, भडंग गेलं, कोरेगावचा घेवडा गेला. शेंगदाणा निघाला द्विदल, म्हणून चटणीही गेली. हुरडा तर विचारूच नका. उरली हळद, तासगावचे बेदाणे तेही जपून, आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जी आपल्याकडे आणली इंग्रजांनी.

आमच्या गावात हे व्रत पहिलं घेतलं आबांनी, जिमच्या सरांच्या सांगण्यावरून. आबा साखर कारखान्याचे माजी संचालक. ‘साखर म्हणजे विष’ हे ते आता पारावर बसून सांगतात, आणि दिवाळीत सभासदांना सवलतीची साखर सुटली की पिशवी घेऊन रांगेत पहिले. विष स्वस्तात मिळत असेल तर सोडायचं का?

खोटं कशाला बोला, आबांना गुण आला. वजन उतरलं, रक्तातली साखर उतरली. आबा श्रेय देतात आदिमानवाला. वहिनी म्हणतात, ‘सभा तिथं चहा, चहा तिथं खारी, ते बंद झालं. भाकरीनं काय घोडं मारलं होतं?’ आमचं मत वहिनींना. मैदा आणि साखर सोडायला गुहेत जावं लागत नाही. शिवाय त्या आदिमानवाचंही काही खरं नाही. जॉर्डनमध्ये सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडलेत. म्हणजे शेती यायच्या आधीच पठ्ठ्यांनी रानातलं धान्य दळून भाजलं होतं.

आदिमानव हरणामागे धावायचा. आबा खाटकाकडे स्कूटरवर जातात. मटण सातशे-आठशे रुपये किलो, बदाम-अक्रोड त्याहून वर. अश्मयुग परवडायला चार एकर बागायत लागते. माण-जतच्या मेंढपाळाला हे सांगितलं तर तो हसेल. मेंढरं त्याची, चालणं दिवसभर त्याचं, आणि दुपारी सोडायचं काय, तर भाकरी.

आषाढ मजेत गेला. श्रावण लागला आणि आबांची पंचाईत झाली. घरात मांस-अंडं बंद, आणि व्रतात डाळ-दूध बंद. एकादशीला दुप्पट खायची सोय असते, इथं तीही नाही, खिचडीत शेंगदाण्याचं कूट! माळकरी तात्यांनी विचारलं, ‘मग आमच्यासारख्यानं खायचं काय?’ आबा म्हणाले, ‘सुरण.’ तात्या म्हणाले, ‘बारा महिने?’

गेल्या महिन्यात आबांचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दोन गोष्टी सांगितल्या: युरिक ॲसिड वाढलंय, मटण आवरा, कॅल्शियम कमी आहे, दूध नाहीतर नाचणी घ्या. दूध-नाचणी व्रतात बसत नाहीत म्हटल्यावर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. आता अश्मयुगात गोळ्या होत्या का, असा प्रश्न आबांना पडला. त्यांनी जिमच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, ‘चालतात की आबा. फक्त बाहेरून घेऊ नका, आपल्याकडंच मिळतात.’